चीक की चुना?

निवृत्त माणसाने घरात काहीतरी उपयोगी काम करत राहावं, असं माझं पूर्वी मत होतं. आमच्या मुलीच्या, केतकीच्या लग्नाला दहा दिवस उरले असताना ते बदललं.

तसा मी निरुपद्रवी माणूस. सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात आयुष्य गेलं. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, गेलेल्या कागदावर नंबर टाकायचा. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. सकाळचा चहा, मग पेपर, मग झाडांना पाणी आणि मग लेबलं! घरातल्या प्रत्येक डब्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लेबल आहे. मिठाच्या बरणीवर ‘मीठ’, साखरेच्या बरणीवर ‘साखर’. (देवघरातल्या तेलाच्या बाटलीवर ‘देवाचे तेल’ लिहिलं, तेव्हा रजनीने, म्हणजे माझ्या बायकोने, देवासमोरच कपाळाला हात लावला होता.)

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन मोहिमा एकाच वेळी चालू होत्या. पहिली रजनीची. केतकीच्या रुखवतात घरच्या कुरडया ठेवायच्या. आता यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या लग्नात रजनीच्या माहेरच्यांनी रुखवतात विकतच्या कुरडया ठेवल्या होत्या आणि माझ्या आईने ते पुढे कित्येक वर्षं तिला ऐकवलं. “माझ्या लेकीला असं कुणी बोललेलं मी खपवून घेणार नाही,” असं रजनी केतकीच्या बारशापासून म्हणत आली होती. त्यातून केतकीचं सासर सिन्नरचं आणि विहीणबाई स्वयंपाकात एकदम कडक, असं आमच्या कानावर आलेलं.

म्हणून खास नामपूरहून माझी मोठी बहीण आक्का आली. तिच्या हाताखाली दहा किलो गहू तीन दिवस भिजले, रोज पाणी बदललं, मग ते वाटले, फडक्यातून पिळून गाळले आणि निघालेला पांढरा चीक रात्रभर खाली बसायला म्हणून बादलीत ठेवला. सकाळी वरचं पाणी ओतायचं, खालचा घट्ट चीक शिजवायचा आणि सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. दोघींचे हात गळून गेले होते.

दुसरी मोहीम माझी. उन्हाने घर भाजून निघत होतं. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला: गच्चीला चुना लावा, घर थंडगार! झालं. नाशिकच्या द्वारका चौकातून चुना आणला, त्या व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे थोडा डिंक घातला आणि बादलीत भिजत ठेवला.

बादल्यांचं आता सांगावंच लागेल. मागे घर रंगवलं तेव्हाच्या रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या आमच्याकडे होत्या. (रंगाची रिकामी बादली फेकून दिलेलं मराठी घर मला दाखवा!) दोन्ही पांढऱ्या, दोन्ही सारख्या, दोन्हींना घट्ट झाकण. एकीत चीक, एकीत चुना. दोन्ही गच्चीच्या जिन्यातल्या सावलीत शेजारी शेजारी.

“अहो, घोळ होईल,” रजनी म्हणाली.

“घोळ? माझ्या राज्यात?” मी म्हणालो आणि दोन्ही झाकणांवर कागद चिकटवले. एकावर ‘चीक’, एकावर ‘चुना’. खाली तारीख आणि सहीसुद्धा!

संध्याकाळी चुना कसा भिजलाय ते बघायला मी झाकण उघडलं. वर नितळ पाणी, खाली पांढरा थर. मग कुतूहल म्हणून दुसरंही उघडलं. तिथेही वर नितळ पाणी, खाली पांढरा थर! निसर्गाची काय किमया, असा विचार करत उभा होतो, तेवढ्यात आक्काने खालून हाक मारली, “ये रे भाऊ, चहा गार होतोय!” मी झाकणं लावली आणि खाली आलो.

सकाळी साडेपाचला उठलो. ‘चीक’ लिहिलेली बादली स्वतः उचलून स्वयंपाकघरात नेऊन दिली. “बघ, न सांगता आणली,” म्हटलं. रजनी चक्क हसली. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसू.

मग ‘चुना’ लिहिलेली बादली घेऊन गच्चीवर गेलो. झाकण काढताच आंबूस वास आला. माझ्या मनात शंका आली. आली, अगदी आली! पण मी झाकण पाहिलं. त्यावर ‘चुना’ लिहिलेलं होतं, खाली माझी सही होती. म्हणजे विषय संपला. वास डिंकाचा असणार. मी काठीने चांगलं ढवळलं, पाणी घालून पातळ केलं आणि लांब दांड्याच्या झाडूने फासायला सुरुवात केली. काय सुरेख पसरत होता तो चुना! लोण्यासारखा मऊ. एक हात झाला, बादलीत उरला होता म्हणून दुसरा दिला. कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

शेजारच्या गच्चीवर पगारे सर प्राणायाम करत होते. निवृत्त शिक्षक, माझे रोजचे चहाचे सोबती. एक नाकपुडी दाबून त्यांनी विचारलं, “काका, कसला वास हो?”

“डिंक!” मी म्हणालो.

“असं होय,” असं म्हणून त्यांनी दुसरीही नाकपुडी दाबली.

तेवढ्यात खालून किंकाळी आली. आक्काची! आक्का एरवी आमच्याकडे आमच्यासारखं बोलते, पण फार घाबरली की तिच्या तोंडून आधी थेट नामपूरची अहिराणी निघते.

“ओ भाऊ! हाऊ चीक नही शे! हाऊ चुना शे, चुना!”

मी झाडूसकट खाली धावलो. गॅसवर मोठ्या पातेल्यात हिंग-मीठ घातलेलं पाणी खळाखळा उकळत होतं. आक्काच्या एका हातात पांढऱ्या लगद्याने भरलेलं भांडं होतं आणि दुसऱ्या हाताची बोटं ती माझ्या नाकासमोर चोळून दाखवत होती.

“चीक कसा बुळबुळीत लागतो! हे खरखरीत लागतंय. वास नाही, काही नाही. ओतणारच होते मी!”

मला दरदरून घाम फुटला. लग्नाच्या मांडवात दोनशे माणसं चुन्याच्या कुरडया खातायत, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. “बरं झालं, आक्का, वाचलो!” मी म्हणालो. मला खरंच वाटलं की संकट टळलं.

रजनी मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या हातातल्या झाडूकडे बघत होती. झाडूच्या टोकावरून फरशीवर काहीतरी पांढरं ओघळत होतं.

“अहो,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “हा जर चुना आहे, तर तुम्ही गच्चीला काय लावलंत?”

यापुढचं मला तुटक तुटक आठवतं. आम्ही तिघं वर गेलो. गच्चीवर पोहोचलो आणि पाहतो तो काय, गावातले सगळे पक्षी आमच्याकडे जेवायला आलेले! चिमण्या, साळुंक्या, कावळे आणि टाकीवर पंगतीची वाट बघत बसलेली कबुतरं. मुंग्यांनी कठड्यावरून रांग धरली होती. आणि या सगळ्यांच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, माझ्या मुलीचं रुखवत पसरलेलं!

“दोन हात दिलेत?” रजनीने विचारलं.

“कोपरेसुद्धा,” मी म्हणालो. खोटं बोलायचं मला त्या क्षणी सुचलंच नाही.

रजनी जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने पदर डोळ्यांना लावला. “गच्चीला लावायचा तो चुना मला लावलात हो तुम्ही,” एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. तीन दिवस ती बाई रोज उठून गव्हाचं पाणी बदलत होती आणि मी दोन तासांत सगळं पक्ष्यांना वाढून मोकळा झालो होतो.

“पुन्हा भिजवू,” मी म्हणालो.

“तीन दिवस भिजवायचे, मग गाळायचा, मग वाळवायच्या. आणि परवापासून पाहुणे येतायत घरात. केव्हा करू? तुम्ही सांगा, केव्हा करू?”

खरवडून काढता येतो का ते बघायला मी खाली वाकलो, तर आक्का ओरडली, “आता त्याला हात लावशील तर बघ!”

बरं, इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण अकरा वाजता सिन्नरचे व्याही आणि विहीणबाई मानपानाचं बोलायला येणार होते, हे आम्ही तिघंही साफ विसरलो होतो! बेल वाजली तेव्हा माझ्या अंगावर चिकाने कडक झालेला बनियन होता. इस्त्रीची गरज नव्हती.

“काही झालं तरी त्यांना गच्चीवर नेऊ नका,” रजनीने मला दाराआडून बजावलं.

मी नेणारच नव्हतो. पण पगारे सर! ते व्याह्यांबरोबरच फाटकातून आत आले आणि म्हणाले, “काकांनी काय झकास चुना लावलाय गच्चीला, बघाच!” व्याहीही नुकतेच निवृत्त झालेले. त्यांचे डोळे चमकले. “अरे वा! मलाही लावायचाय. चला!” मी आडवा हात घालेपर्यंत ते अर्धा जिना चढले होते. विहीणबाई त्यांच्या मागे, रजनी त्यांच्या मागे आणि मी सगळ्यांच्या मागे, पळून जायला सोयीचं म्हणून.

वर ऊन रणरणत होतं. आणि नाशिकच्या त्या उन्हाने आपलं काम चोख केलं होतं. चीक कडकडीत वाळला होता. त्याला भेगा पडल्या होत्या, कडा वर वळल्या होत्या आणि पाय टाकला की कर्रर्र, कर्रर्र आवाज येत होता. सगळ्या गच्चीचा एक अखंड पापड झाला होता!

“चुन्याचे असे पापुद्रे निघतात?” व्याही म्हणाले.

“भारी क्वालिटी आहे,” मी म्हणालो.

विहीणबाईंनी दीर्घ श्वास घेतला. मग त्या खाली वाकल्या, एक पापुद्रा उचलला आणि सरळ तोंडात टाकला!

“अगं, चुना खातेस काय?” व्याही किंचाळले. पगारे सरांनी डोळे मिटून घेतले. रजनीने माझा दंड इतका घट्ट धरला की तिच्या बोटांचे वळ उठले.

विहीणबाईंनी कुरुम कुरुम करत शांतपणे चावून खाल्लं. मग म्हणाल्या, “मीठ नाही.”

“घालणारच होतो,” मी म्हणालो.

झालं! रजनीचा बांध फुटला. तिने रडत रडत सगळं सांगितलं. बादल्या, झाकणं, सही, आमच्या लग्नातल्या विकतच्या कुरडया, माझ्या आईची बोलणी, सगळं. मी टाकीकडे बघत उभा राहिलो. आता लग्न मोडतं की काय, अशी भीती मला खरोखर वाटत होती. विहीणबाईंचा चेहरा लाल होत चालला होता. आणि एकदम त्या फिस्सकन हसल्या. हसता हसता कठड्याला टेकल्या, तिथून खालीच बसल्या. रेशमी साडीसकट चिकावर!

“रडू नका हो,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर माझी वर्षभराची हळद डाळिंबाच्या झाडांना घातली. कीड जाते म्हणे!”

“गेली होती थोडी,” व्याही पुटपुटले.

“तुम्ही गप्प बसा!” दोन्ही विहिणी एकदम म्हणाल्या. बाकीचं लग्न आम्ही दोघांनी गप्प बसूनच पार पाडलं.

पाच दिवसांनी व्याही सिन्नरहून एक भलामोठा डबा घेऊन आले. आत पांढऱ्याशुभ्र कुरडया, सोबत निरोप: ‘आमच्याकडच्या कुणालाही कळता कामा नये.’ मुलाच्या आईने केलेल्या कुरडया मुलीच्या रुखवतात, असं आमच्या घराण्यात आजवर घडलेलं नाही. आक्काने त्या हळदीकुंकू लावून ताटात रचल्या.

लग्नात रुखवताभोवती सिन्नरच्या बायकांनी ही गर्दी केली. विहीणबाईंनी एक कुरडई उचलून साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “अगबाई! काय सुरेख कुरडया! कुणी केल्या हो?”

रजनीने पापणीही लवू दिली नाही. “ह्यांनी!” तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. त्यातल्या एक मावशी पुढे आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “भाऊसाहेब, इतक्या पांढऱ्या आमच्या कधी होत नाहीत. कृती सांगा ना!”

मी घसा साफ केला आणि म्हणालो, “अगदी सोपं आहे. आधी गच्ची स्वच्छ झाडून घ्यायची.”