तिरंदाजाच्या रांगेत

"आधी खा, मग बोलू."

हे वाक्य आणि डब्याचं झाकण एकदमच उघडायचं. कुणाकडे काही मागायचं असलं की दादा आधी त्याला काहीतरी खायला द्यायचे. चकली, शंकरपाळे, कधी नुसते भाजलेले शेंगदाणे. समोरच्याचं तोंड भरलं की मग ते मान थोडी खाली घालून मुद्द्यावर यायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, मागायची लाज वाटते म्हणून आधी देऊन मोकळी होणारी.

मला दिला तो बेसनाचा लाडू. आइंडहोवन या डच शहरात शिकायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. बाबा जालन्याच्या मोंढ्यात पोती उचलतात. त्यामुळे परदेशात गेल्यावर काय विचारायचं आणि कुणाला विचारायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीत मी एका खांबाला टेकून उभी होते, तेव्हा एका उंच, किडकिडीत माणसाने माझ्या हातावर लाडू ठेवला.

"आधी खा, मग बोलू. आमच्या सईला मराठी शिकवशील का? तिला कळतं सगळं, पण उत्तर डचमध्ये देते."

मी बरं काका म्हणाले, तर त्यांची बायको मागून म्हणाली, "काका म्हणालीस तर मी काकू होते. ते चालायचं नाही. दादा म्हण." तेव्हापासून ते दादा आणि त्या वहिनी. त्यांचं घर माझ्या खोलीच्या समोरच होतं. दर रविवारी मी दहा वर्षांच्या सईला बाराखडी शिकवायचे आणि वहिनी मला जेवायला घालायच्या.

शेजारच्या डच आजी आपला कचऱ्याचा डबा दादांच्या दारासमोर लावायच्या. दादांनी त्यांना चकल्या नेऊन दिल्या आणि डबा हलवायला सांगितलं. आजींनी चकली खाल्ली, डबा हलवला, आणि पुढच्या शुक्रवारी परत तिथेच आणून लावला. दादा परत चकल्या घेऊन गेले. असं चार-पाच शुक्रवार चाललं.

"अहो, आजी हुशार आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला कधी कळणार?"

"मला पहिल्याच वेळी कळलं," दादा म्हणाले. "पण चकली आवडते ना तिला."

दादा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांची नोकरी गेली. त्यांच्यासारख्यांचा इथे राहण्याचा परवाना नोकरीवरच असतो. ती गेली की तीन महिन्यांत दुसरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. सईला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. मला सांगितलं, कारण मी दर रविवारी घरात असायचे आणि घर काही लपवत नव्हतं. वहिनी तांदळाची दहा किलोची पिशवी आणायच्या, त्या आता एक किलोची आणायला लागल्या. मोठी पिशवी संपेल की नाही, याची खात्री नव्हती. सईची पुढच्या वर्षाची सहल, पोहण्याच्या क्लासचा अर्ज, सगळ्याला "बघू" असं उत्तर मिळायचं. सई चिडायची. "नुसतं बघू, बघू," ती डचमध्ये म्हणायची. फक्त 'बघू' तेवढं मराठीत.

दादांनी किती ठिकाणी अर्ज केले ते मला माहीत नाही. एकाच ठिकाणी मुलाखतीपर्यंत गोष्ट गेली. ती व्हिडिओवर झाली. समोरच्या माणसाच्या मागे भिंतीवर लाकडी धनुष्य टांगलेलं होतं आणि दादांनी त्याबद्दल विचारलं. तो माणूस खुलला. उन्हाळ्यात आपण पाचशे वर्षांपूर्वीच्या काळाची जत्रा भरते तिथे जातो, जुने कपडे घालतो, तंबूत राहतो, मुलांना बाण मारायला शिकवतो, असं सांगत बसला. शेवटची दहा मिनिटं धनुष्यावरच गेली.

"म्हणजे जमलं," दादा त्या दिवशी म्हणाले.

नंतर काहीच आलं नाही. दादांनी मेल केली की तिकडून आपोआप उत्तर यायचं, साहेब सुट्टीवर आहेत, अमुक तारखेला परत येतील. ती तारीख दादांच्या परवान्याच्या मुदतीनंतरची होती. मुदत एका बुधवारी संपत होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी दादा माझ्या दारात थालीपीठ घेऊन उभे राहिले.

"आधी खा."

मी थालीपीठाचा तुकडा मोडला. मला भीती वाटत होती.

"शनिवारी त्या जत्रेला जाऊ. तो माणूस तिथे असणार. तू चल आमच्याबरोबर, तुला डच बोलता येतं. इंग्रजीत बोललं की परत मुलाखतच होते गं. त्याच्या भाषेत कुणी दोन वाक्यं बोललं, तर माणसासारखं बोलणं होईल."

माझं डच म्हणजे विद्यापीठातले दोन वर्ग. तरी मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार होते?

वहिनींना हे पटलं नव्हतं. "सुट्टीवरच्या माणसाला गाठून कामाचं बोलायचं? इथल्या लोकांना नाही आवडत ते."

"आपल्याकडे साहेब ऑफिसात कुठे भेटतो? लग्नात भेटतो, पंगतीत भेटतो. बायकापोरं बघितली की माणूस मऊ होतो."

"हे आपल्याकडे नाहीये."

"मग कुठे भेटू त्याला? तू सांग."

वहिनींनी शंकरपाळ्यांचं पीठ मळायला घेतलं.

जत्रा एका गढीच्या आवारात होती. आम्ही दोन बस बदलून गेलो. वाटेत मी माझं वाक्य पाठ करत होते. हे आमचे शेजारी आहेत, तुमची आणि यांची मुलाखत झाली होती, दोन मिनिटं बोलाल का? एवढंच. मी ते चाळीस वेळा तरी म्हटलं असेल. दादा उन्हात मुलाखतीचा निळा कोट घालून बसले होते.

फाटकावर घोळदार तपकिरी झगा घातलेली एक बाई लोकांच्या हातावर शिक्का मारत होती. दादांचा कोट बघून ती हसली. "साहेब, तुम्ही चुकीच्या शतकात आलात!"

मी त्याचं मराठी केल्यावर दादाच सगळ्यांत मोठ्याने हसले.

"एवढं हसू नका," वहिनी म्हणाल्या. "घाम बघा किती आलाय."

आत खरोखरच दुसरं जग होतं. लोहार ऐरणीवर खिळे ठोकत होता. बायका चातीवर लोकर कातत होत्या. साखळ्यांचं चिलखत घातलेला एक आडदांड माणूस झाडामागे उभा राहून मोबाईलवर बोलत होता. सईने रानफुलांचा गजरा डोक्यावर चढवला आणि ती पळतच सुटली. वहिनी एवढंच म्हणाल्या, "आपल्या जत्रेत निदान पाळणा तरी असतो." पण सईकडे बघताना त्याही थोडा वेळ हसल्या. मला वाटतं, त्या दिवसातली ती दहा मिनिटं त्यांची होती. दादांचं मात्र कशाकडे लक्ष नव्हतं. ते प्रत्येक दाढीवाल्याचा चेहरा निरखत होते.

तो सापडला गवताच्या गाठोड्यांसमोर. हिरवा अंगरखा, मनगटावर चामड्याचा पट्टा. प्रत्येक मुलासमोर गुडघ्यावर बसून तो धनुष्य कसं धरायचं ते दाखवत होता. सगळीकडे दोरी बांधलेली होती. त्याच्यापर्यंत पोचायचा एकच रस्ता होता, मुलांची रांग. दादा रांगेत उभे राहिले. पुढे सात-आठ वर्षांची पोरं, मागे तशीच पोरं, आणि मध्ये डबा हातात धरलेला, कोट घातलेला बेचाळीस वर्षांचा माणूस. सई त्यांच्या पुढे, मी बाजूला. वहिनी लांब एका बाकावर बसल्या आणि आमच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

सईचा नंबर आला. तिचा पहिला बाण गवतात पडला, दुसरा गाठोड्यात घुसला. त्या माणसाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दादा पुढे झाले आणि त्यांनी डबा उघडला. त्याने एक शंकरपाळा उचलला, खाल्ला, छान आहे म्हणाला. दादांनी माझ्याकडे पाहिलं.

आता मला बोलायचं होतं. सगळं वाक्य तोंडाशी आलेलं होतं. पण मागे मुलं थांबली होती, एका मुलाचे वडील घड्याळ बघत होते, आणि तो माणूस माझ्याकडे इतक्या मोकळेपणाने बघत होता की हे वाक्य म्हटल्यावर त्याचा चेहरा कसा होईल ते मला आधीच दिसलं. मी "नमस्कार" म्हणाले. पुढे माझ्याने बोलवेना. मी खाली गवताकडे बघत राहिले.

मग दादा स्वतःच इंग्रजीत म्हणाले, "सर, आपण बोललो होतो. व्हिडिओवर. तुम्ही मला धनुष्याबद्दल सांगितलं होतं."

त्याने त्यांना ओळखलं. त्याचं हसू गेलं नाही, जागच्या जागी थांबलं.

"मी आज कामावर नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

"माहीत आहे, सर, माहीत आहे. पण बुधवारनंतर मला या देशात राहता येणार नाही. फक्त हा एक कागद..." दादांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. तो घामाने ओलसर झाला होता.

सईच्या हातात धनुष्य तसंच होतं. इंग्रजी तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. "राहता येणार नाही म्हणजे?" तिने मला डचमध्ये विचारलं. मी दादांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. ते अर्जाची घडी सरळ करत होते. मग ती त्या माणसाकडे वळली आणि शाळेच्या मैदानात बोलतात तशी भरभर डचमध्ये बोलायला लागली. माझ्या बाबांना सगळं दुरुस्त करता येतं. त्यांनी शेजारच्या आजींचं वॉशिंग मशीन नीट केलं आणि पैसे घेतले नाहीत. ते कधी ओरडत नाहीत. मला गणित कळेपर्यंत ते परत परत सांगतात, कंटाळत नाहीत. तुम्ही त्यांना घ्या. ते चांगले आहेत.

तो माणूस गुडघ्यावर बसून ऐकत होता. शेवटी त्याने कागद घेतला. ठेवायला खिसा चाचपला, पण त्या जुन्या अंगरख्याला खिसाच नव्हता. त्याने तो पाठीवरच्या भात्यात, बाणांच्या मध्ये खोचला.

"मी तुम्हाला कसलंही वचन देत नाही," तो म्हणाला.

"थँक यू, सर. थँक यू." दादा मागे सरकतानाही म्हणत राहिले. तोवर पुढच्या मुलाने सईच्या हातातून धनुष्य घेतलं होतं.

परतीच्या बसमध्ये सई खिडकीशी बसली. दादांनी डबा तिच्यापुढे धरला. तिने झाकण लावून तो परत दिला. बऱ्याच वेळाने तिने आईला विचारलं, "माझ्या वर्गात कुणाकुणाला माहीत आहे?" वहिनी म्हणाल्या, "कुणालाच नाही गं. तुलाही नव्हतं."

सोमवारी मेल आली. माणूस भला निघाला, सुट्टीतून लिहिली होती त्याने. ती जागा पुढच्या वर्षापर्यंत भरायची नाही, असं वरून ठरलं होतं. दादांनी मला बोलावून मेलमधली फक्त शेवटची ओळ वाचून दाखवली. "बघ, काय म्हणतो. तुमच्या मुलीचा हात फार स्थिर आहे."

मला राहवलं नाही. "दादा, मी बोलायला हवं होतं. माझ्याने बोलवलंच नाही."

"तू बोलली असतीस तरी जागा नव्हतीच गं." त्यांनी कानाची पाळी चोळली. "आणि तू बोलली असतीस तर सई बोलली नसती. मला त्यातलं फक्त वॉशिंग मशीन कळलं. बाकीचं काय म्हणाली ती? नीट सांग. काही गाळू नकोस."

मी सांगितलं. एकेक वाक्य, तिने म्हटलं त्याच क्रमाने. गणिताचं वाक्य त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

ते गेले त्या दिवशी माझी परीक्षा होती, विमानतळावर जाता आलं नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आदल्या दिवशी. देश सोडताना नगरपालिकेत नाव कमी करावं लागतं, त्यासाठी ते मला बरोबर घेऊन गेले होते. खिडकीतल्या बाईने विचारलेलं सगळं मी या वेळी डचमध्ये सांगितलं. तिघांची नावं, पत्ता, जाण्याची तारीख. तिने तीन वेळा बटण दाबलं आणि तुमचा दिवस छान जावो म्हणाली. पाच मिनिटांचं काम.

तळघरात सायकली लावायची जागा होती, तिथे आम्ही खाली उतरलो. शेकडो सायकली, बहुतेक काळ्या. आपली कुठे लावली ते दादांना आठवेना. ते एका रांगेत शिरले, दुसरीत शिरले, प्रत्येक सीटला हात लावत. "इथेच कुठेतरी होती," ते म्हणत होते. "आत्ता तर लावली."

मला ती दिसली होती. तिसऱ्या रांगेच्या टोकाला, सीटवर सुपरमार्केटची निळी पिशवी बांधलेली. दादा तिच्या जवळून गेले, थांबले नाहीत, आणि पुढच्या रांगेत वळले. त्यांच्या मागोमाग मीही एकेक सीटला हात लावत शोधत राहिले.