दसऱ्याच्या धुण्यात गेलेला शर्ट

नवरा नौदलात पाणबुडीवर आहे असं आर्णीत सांगितलं की लोक पहिलं हेच विचारतात, "मग वर कधी येतो?" मला माहीत असतं तर आणखी काय हवं होतं! निघताना तो फोन बंद करतो, तो किनाऱ्याला लागल्यावरच सुरू करतो. मी इथल्या शाळेत शिकवते; मधले सगळे दिवस शाळा सुटली की त्याचा नंबर लावते. बंद असतो. तरी लावते.

पाणबुडी कशी चालते ते त्याने एकदा सासूबाईंना समजावलं होतं. पाण्याखाली बॅटरीवर जायचं, बॅटरी उतरली की वर येऊन डिझेलचं इंजिन चालवायचं, ती चार्ज करायची आणि पुन्हा खाली. "म्हंजे समुद्रातबी लोडशेडिंग हायेच," त्या म्हणाल्या.

ते डिझेल त्याच्या कपड्यांत मुरलेलं असतं. थोडा तळणाचा वास, थोडा घामाचा, आणि सगळ्यांवर डिझेल. लग्नानंतर तो पहिल्यांदा सुटीवर आला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता तो जायला निघाला की एक न धुतलेला शर्ट मीच मागून घेते आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवते. अगदीच राहवेनासं झालं की पिशवी उघडायची आणि लगेच गाठ मारायची. वास पुरवून पुरवून वापरावा लागतो.

यंदा नवरात्राआधी सासूबाईंनी दसरा काढला. म्हणजे गोधडीपासून पायपुसण्यापर्यंत घरातली चिंधी न् चिंधी धुवायची. मी शाळेतून आले तर अंगणातल्या तारेवर तो निळा शर्ट पाणी गाळत होता.

"आई, हा कायले धुतला?" मी ओरडलेच.

"अवं, डिझेलचा वास मारून राह्यला होता. तीन पाण्यातून काढला, तवा गेला."

"तोच तर ठेवला होता मी!"

मी चिडून रडले आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या मला शेतावर घेऊन गेल्या. विहिरीजवळच्या टिनाच्या शेडमध्ये आमचं जुनं डिझेल इंजिन आहे. विजेची मोटर बसल्यापासून ते बंदच असतं. भंगारवाला किती वेळा आला, पण त्या देत नाहीत, म्हणून मी त्यांना नेहमी चिडवायचे. त्यांनी टाकीचं झाकण काढलं.

"घे वास."

मी वाकले. तळाशी उरलेलं डिझेल होतं. नुसतं डिझेल. त्यात तो कुठेच नव्हता.

"त्याच्यावानी लागते का वं?"

"लागते," मी म्हटलं.

"खोटी कुठची." पदराने झाकण पुसून त्यांनी ते परत बसवलं. "मलेबी नाही लागत. तरी तो गेला का मी इथंच येऊन बसतो."