पगार मिळतो, मग ती सेवा कशी?

आमच्या कामातल्या गोष्टी घरी सांगता येत नाहीत. लोक विश्वासाने बोलतात, त्यामुळे नावं बाहेर जाऊ द्यायची नसतात. मग त्या मनात साचत राहतात. एमएसडब्ल्यू एकत्र केलेल्या आम्ही तिघी रविवारी नारायणगुड्याच्या एका इराणी हॉटेलात भेटतो, तेव्हा त्या बाहेर पडतात. सुजाता हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर आहे, नसरीन एका शाळेत काउन्सेलर आणि मी कुटुंब समुपदेशन केंद्रात. बोलता बोलता चहा गार होतो आणि दुसरा मागवावा लागतो. त्यातल्याच या काही गोष्टी, खुणा पुसून.

*

मी एमएसडब्ल्यू करायचं ठरवलं तेव्हा बाबा अफझलगंजमधल्या मसाल्याच्या एका ठोक दुकानात कामाला होते. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"समाजसेवेला कॉलेज कशाला लागतं?"

"शिकावं लागतं, बाबा."

"पगार मिळतो?"

"मिळतो. आयटीवाल्यांएवढा नाही."

"मग ती सेवा कशी?" त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे नोकरीच आहे ना? मग हरकत नाही."

आई मात्र कितीतरी दिवस पाहुण्यांना सांगायची, "एमबीएसारखंच असतं काहीतरी."

*

पहिलं फील्डवर्क मुसी नदीकाठच्या एका वस्तीत होतं. मी आणि नसरीन गळ्यात कोरी करकरीत आयकार्डं अडकवून गेलो. एका दारात एक बाई भांडी घासत होती.

"क्या करते तुम लोगां?" तिने विचारलं.

"लोगां की मदद करते," नसरीन ऐटीत म्हणाली.

"अच्छा? तो ये घडा पकडो. टँकर आयेंगा. मेरा नंबर नक्को जाने देना."

सकाळभर आम्ही तिचा घडा घेऊन पाण्याच्या रांगेत उभ्या. आम्हाला बायकांची माहिती गोळा करायची होती. उलट बायकांनीच आमचं गाव, घर, लग्न झालं का, माझ्या आईचा दमा, सगळं काढून घेतलं.

रिपोर्टात काय लिहावं कळेना. शेवटी नसरीनने लिहिलं, 'समुदायाशी संवाद साधला.' आमच्या मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "टँकर आला का मग?"

*

सुजाताच्या वॉर्डात एक आजोबा होते. शुगरमुळे पायाचं बोट काढायचं होतं आणि ते ऑपरेशनला तयार होत नव्हते. उशीर झाला तर पाय जाण्याची भीती होती. डॉक्टर बोलून गेले, नर्स बोलल्या, मुलगा भांडून गेला. शेवटी निरोप आला, सोशल वर्करला बोलवा.

सुजाता स्टूल ओढून बसली. ऑपरेशनबद्दल तिने जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको." मग त्यांनी आपल्या शेळ्यांबद्दल सांगायला सुरुवात केली. सुजाताने तेही ऐकलं आणि उठून आली. आपल्याला हे काम जमत नाही, असंच तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी आपण होऊन सही केली. सुजाताने विचारलं, "काल तर नको म्हणत होतात?"

ते म्हणाले, "बाकीचे सगळे उभ्याउभ्या बोलून गेले. तू बसलीस."

पाय वाचला. सुजाता आता कुठल्याही पेशंटकडे गेली की आधी स्टूल शोधते.

*

नसरीनला बघायला एक स्थळ आलं होतं. मोठी माणसं आत नाश्त्याला बसली आणि दोघांना बोलायला बाल्कनीत पाठवलं. आत कोणी ऐकत नाही ना, ते मुलाने आधी पाहिलं. मग म्हणाला, "आप काउन्सेलर हैं ना? एक बात पूछूँ?"

त्याचं ऑफिसातल्या एका मुलीवर प्रेम होतं आणि घरी सांगायची हिंमत होत नव्हती. नसरीनने त्याला तिथेच बाल्कनीत विचारलं, घरात सगळ्यात आधी तुझं कोण ऐकेल? तो म्हणाला, मोठी बहीण. मग बहिणीला काय सांगायचं, कधी सांगायचं, अम्मी रडल्या तर काय करायचं, हे सगळं तिने त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आठवड्याने स्थळाकडून नकार आला. नसरीनच्या अम्मी अजून त्या मुलाचं नाव काढू देत नाहीत. नसरीन मात्र त्याच्या वलीम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणाला, जाऊन बिर्याणी खाऊन आली.

*

तिच्याच शाळेत करिअर डे होता. डॉक्टर, इंजिनियर, वकील बोलून गेले आणि मग नसरीन सोशल वर्कबद्दल बोलली. नववीतल्या एका मुलीने हात वर केला.

"मिस, या कामात दिवसभर चांगलं वागावं लागतं का?"

"नऊ ते पाच," नसरीन म्हणाली.

*

मध्यंतरी मी फार थकले होते. झोपेतही लोकांची भांडणं ऐकू यायची. हायटेक सिटीतल्या एका कंपनीत सीएसआरची, म्हणजे कंपनीतर्फे समाजकार्य करायची, जागा निघाली, तिथे इंटरव्ह्यूला गेले. एसी छान होता. साहेबांनी विचारलं, "आतापर्यंत किती संसार जोडलेत?"

मी म्हटलं, "काही जोडले. काही जणींना नीट वेगळं व्हायला मदत केली. तेही कामच आहे."

ते जरा अवघडले. "हो, पण ते स्लाइडवर कसं दाखवायचं?"

संध्याकाळी सुजाताने फोन करून विचारलं, "मिळाली का गं?"

"नाही," मी म्हटलं. "मी स्लाइडवर मावत नाही."

नंतर मी रजा टाकून झोपा काढल्या आणि परत केंद्रावर गेले.

*

चिक्कडपल्लीला आमच्याच गल्लीत एक काकू राहतात. मला लहानपणापासून ओळखतात. भेटल्या की चारचौघांत विचारायच्या, "अजून तिथेच का गं? बँकेचं वगैरे बघत नाहीस?" आईला राग यायचा. मी हसून सोडून द्यायची.

एका सकाळी केंद्रावर माझ्या टेबलासमोर त्या येऊन बसल्या. पदर डोक्यावरून घेतला होता. मला बघितल्यावर उठायला लागल्या. मी म्हटलं, "दुसऱ्या मॅडम आहेत. त्यांच्याकडे बसायचं का?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नको," म्हणाल्या. "तुला निदान पहिल्यापासून सांगावं लागणार नाही."

मुलगा हात उचलतो. काका गेल्यापासून. हे सांगायला त्यांना खूप वेळ लागला. त्यांना पोलीस नको होते, नातेवाईक नको होते. काय काय करता येईल ते मी सांगितलं. पुढच्या बुधवारी या म्हटलं. त्या पदर सारखा करून निघून गेल्या.

बुधवारी मी वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. पहिल्या भेटीनंतर पुष्कळजणी येत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर लगेच आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. काका गेले तरी आई काकूंना बोलावतेच; त्या आल्या. हॉल बायकांनी भरलेला. मी त्यांच्यासमोर तिळगुळाची वाटी धरली. त्यांनी वाटीतून एक लाडू उचलला आणि नेहमीच्याच मोठ्या आवाजात विचारलं, "काय गं, अजून तिथेच का?"

आईने मान वळवली.

"हो काकू. तिथेच."

"बरं," काकू म्हणाल्या. "या बुधवारी आहेस ना?"