करवतीचं दुसरं टोक

तिच्या नवऱ्याला सगळे 'मशीनवाले' म्हणत. लाकडाच्या वखारीत पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीवर त्याने अर्धं आयुष्य काढलं होतं. त्या करवतीने घर चालवलं, दोन्ही मुलींची लग्नं करून दिली, आणि त्याचे कान आणि बोटं तेवढी खाल्ली. थंडीच्या सकाळी बोटं पांढरीफटक पडायची; शर्टाची बटणं तीच लावून द्यायची. घरात साधा चहा विचारायचा तरी तिला ओरडावं लागे. शेजाऱ्यांची खात्रीच होती, की या दोघांचं एक दिवसही पटत नाही.

वखार बंद पडली आणि त्याला राखीव जंगलातल्या पायवाटा मोकळ्या ठेवायचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी तो तोंड पाडून घरी आला. तिथे इंजिन चालत नाही म्हणे. गाडी नाही, सायकल नाही, सामान न्यायला साधी हातगाडीसुद्धा नाही. दोघांनी दोन बाजूंनी ओढायची एक लांबलचक करवत त्याच्या हातात ठेवली होती.

"मला उचलून पणजोबांच्या काळात नेऊन टाकलंय," तो म्हणाला आणि न जेवताच आडवा झाला.

तरी तो जात राहिला. मग एका वादळात मोठं झाड मुख्य वाटेवर आडवं पडलं, आणि नेमकी त्याच्या जोडीदाराची कंबर धरली. बदली माणूस मिळेना. ती घरी शिवणकाम करायची. दिवसभर मशीनचं पायडल मारून पाय आणि खांदे चांगले कसलेले होते. ती म्हणाली, मी येते. त्याने हसण्यावारी नेलं. वनाधिकारी बाईंनी मात्र तिचं नाव लिहून घेतलं आणि झाड दाखवायला स्वतः बरोबर आल्या.

झाडाचा घेर पाहून त्याने शेवटचा प्रयत्न केला. आपली मशीन आणली तर तासाभराचं काम, तो म्हणाला. कोणाला कळणारही नाही.

बाई रागावल्या नाहीत. आवाजाने जनावरं पिल्लं सोडून पळतात, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "इंजिन एकटं येत नाही. त्याच्यामागून रस्ता येतो, रस्त्यामागून घाई. एवढी एकच जागा ठेवलीय, जिथे माणसाने आपल्या पायाने यायचं आणि आपल्या हाताने जमेल तेवढंच करायचं."

वणवा लागला किंवा कोणाच्या जिवावर बेतलं तर मशीन आणायची परवानगी मिळते, असंही त्या म्हणाल्या.

"म्हणजे मरायला टेकल्याशिवाय नाही," तो पुटपुटला. बाई हसत पुढच्या वाटेला लागल्या.

करवत सुरू झाली. फक्त ओढायचं, मग सैल सोडायचं, समोरचा ओढतो. ढकललं की पातं वाकतं, असं त्याने तिला नीट समजावलं, आणि थोड्या वेळाने स्वतःच ढकलायला लागला.

"अहो, सोडा ना. मी आहे की इकडे," ती म्हणाली.

तिने हे साध्या आवाजात म्हटलं होतं, आणि त्याला ते ऐकू गेलं होतं. दोघंही क्षणभर थांबली. आसपास कसलाच गोंगाट नव्हता. त्यानंतर ती मुद्दाम हळू बोलत राहिली: धाकटीच्या सासूविषयी, गळणाऱ्या नळाविषयी, काहीबाही. काही त्याला कळलं, काही निसटलं.

चीर हातभर खोल गेली असेल, तेव्हा तिने मूठ सोडली. खोडाच्या आतून बारीक चिवचिव येत होती. वरच्या बाजूला एक ढोली होती. ती वाकून पाहू लागली, तर आत पिंगळ्याची पिल्लं, नुसते डोळेच डोळे, एकमेकांना चिकटून बसलेली. झाड पडलं तरी ती वाचली होती, आणि शेजारच्या फांदीवरून आई टक लावून बघत होती.

त्याने खोडाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग ऐकू येत नाही म्हणून मान हलवली.

"कसा आहे आवाज?" त्याने विचारलं.

तिने आजूबाजूला पाहिलं, त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड नेलं आणि लाजत लाजत तसा आवाज काढून दाखवला. त्याने परत काढायला लावला.

"माझ्या मशीनखाली हे कळलंही नसतं," तो म्हणाला. आजवर कापलेल्या झाडांचा विचार त्याच्या मनात आला असावा. त्याचा गार पडलेला हात आपल्या हातात घेऊन ती नुसती चोळत बसली.

कळवल्यावर वनाधिकारी बाईंनी काम थांबवलं आणि लोकांसाठी बाजूने तात्पुरती वाट काढून दिली. पिल्लं उडून गेल्यावर दोघांनी झाड कापलं. संध्याकाळ होत आली, ओंडका लोळवून बाजूला केला, तेव्हा तिचे खांदे भरून आले होते. तेवढ्यात फिरायला आलेलं एक कुटुंब त्या मोकळ्या वाटेवरून गप्पा मारत निघून गेलं. कोणाचं लक्षही गेलं नाही.

"बघ, एकाने तरी मान वळवली का?" तो फुरंगटून म्हणाला.

तिला हसू आवरेना. दोघं भुशातच बसून राहिली, आणि अंधारायच्या आत निघायला हवं हे तिने त्याला अगदी हळू सांगितलं.