पंच कडक केला तेव्हा

धातुशास्त्राचा डिप्लोमा घेऊन मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात लागले, तेव्हा ऐंशी साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. तिथे ट्रकचे लहानमोठे भाग पत्र्यातून ठोकून काढत. वडील मराठवाड्यातून आलेले, कचेरीत कारकून. वाशीच्या नव्या घरात आम्ही नुकते राहायला आलो होतो. मुलगी कारखान्यात जाते याचं त्यांना कौतुक होतं आणि धास्तीही. माझी प्रयोगशाळा म्हणजे प्रेस शॉपच्या कोपऱ्यातली एक काचेची खोली, आणि तिच्यात मी एकटी.

त्या वर्षी गिऱ्हाइकाने नव्या जातीचा पत्रा पाठवला. जुन्यापेक्षा पातळ, पण ताकदीला दीडपट. गाडी हलकी व्हावी आणि भार मात्र तेवढाच पेलावा, असा त्यामागचा विचार. मी त्याच्या पट्ट्या ओढून पाहिल्या, वाकवून पाहिल्या, पास केल्या. प्रेसवर मात्र त्याचा ब्रॅकेट वाकवला की वाकाच्या कडेला केसाएवढी चीर पडायची. दहातले तीन-चार बाद होत. मॅनेजर साहेब दिवसातून चारदा माझ्या दारात येऊन उभे राहायचे.

‘‘मॅडम, तुमचा रिपोर्ट पास म्हणतो आणि माल फुटतोय. मी गिऱ्हाइकाला काय दाखवू?’’

फरक कशात आहे हे कळायला मला आठवडा लागला. माझ्या पट्ट्या करवतीने कापून, कानशीने गुळगुळीत केलेल्या होत्या. प्रेसवरचा तुकडा पंचाने, म्हणजे वरून आदळणाऱ्या पोलादी ठोकळ्याने तोडलेला असायचा. त्याची कड खरबरीत, ओरबाडल्यासारखी. चीर तिथूनच सुरू व्हायची. पत्रा चांगला होता, वाकतही होता. आम्ही तो कापताना बिघडवत होतो.

हे मी टूलरूमच्या काकांना सांगायला गेले. ते करावे गावचे, पन्नाशीचे. पंच आणि तो खाली ज्या साच्यात उतरतो ती डाय घासून, बसवून देण्यात त्यांचा हात धरणारा त्या रस्त्यावरच्या कारखान्यांत कुणी नव्हता. मला ते पोरी म्हणायचे आणि डबा उघडला की त्यातलं सुकटीचं कालवण आधी माझ्या पोळीवर घालायचे.

त्यांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. ‘‘गॅप कमी हाय, पोरी. हा पत्रा जुन्यासारका नाय. पंच आन डायच्या मधी जागा वाढवाला पायजे. मंग नीट तुटंल.’’

‘‘पण काका, पंचाची धारही दोन दिवसांत जातेय. बोथट पंच कापत नाही, ओरबाडतो. पंच आणखी कडक करून घेऊ.’’

‘‘नको. कडक झाला का तो सोसत नाय. हा पत्रा तुटतो तवा प्रेस कशी धाडकन उसलते, बगितलंस ना? त्यो दनका पंचालाच बसतो.’’

खरं तर आम्ही दोघंही बरोबर होतो. पण जागा वाढवायची म्हणजे डाय उतरवून नव्याने घासणं, आठवड्याचं काम. पंच कडक करून आणणं एका दिवसाचं. साहेबांनी मला विचारलं, मी माझं मत सांगितलं, आणि किती कडक करायचा तो आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. पुस्तकात पंचाच्या पोलादासाठी दिलेल्या मर्यादेच्या तो अगदी वरच्या टोकाला होता. काकांना मी पुन्हा विचारलं नाही. माझ्याकडे पुस्तक होतं आणि त्यांच्याकडे अंगठा, असं मला तेव्हा वाटलं असावं.

पहिले दोन दिवस माल सुरेख आला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या सुट्टीनंतर मोठा आवाज झाला आणि प्रेस थांबली. मी बाहेर धावले. काका जमिनीवर बसले होते, उजव्या डोळ्यावर तळवा घट्ट दाबून, आणि बोटांमधून रक्त येत होतं. कड तपासायला ते प्रेसजवळ वाकले होते. पंचाचा कपचा उडाला होता, भाताच्या शितापेक्षा मोठा नसेल.

काका फक्त म्हणाले, ‘‘प्रेस बंद करा आदी.’’

त्यांचा डोळा गेला.

चार दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अपघाताचा अहवाल टाइप होऊन तयार होता. कामगाराने संरक्षक चष्मा न घालून निष्काळजीपणा केला, असं त्यात लिहिलेलं. कारखान्यात असे चष्मे दोन होते. दोन्हींच्या काचा इतक्या ओरखडलेल्या की घालून समोरचं काही दिसत नसे. खाली एक ओळ माझ्यासाठी होती. पंचाचा कडकपणा तपासला असून तो योग्य आहे.

‘‘मर्यादेत होता ना? मग खोटं काय आहे त्यात?’’ साहेब म्हणाले.

मर्यादेत होताच. मी सही केली.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. जेवायला बसले की सुकटीचा वास आठवायचा. तीन आठवड्यांनी, एका रविवारी, मी करावे गावी गेले. काका ओटीवर बसले होते. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं आणि त्यांच्यासाठी तांब्या-पेला ठेवला. ते स्वतः ओतायला गेले, तर धार पेल्याच्या बाहेर पडली. एका डोळ्याला अंतर कळत नाही. त्यांनी पेला हाताने चाचपला आणि पुन्हा ओतलं. काकूंनी तोंड फिरवलं.

‘‘काका, पंच मी कडक करायला लावला होता,’’ मी म्हटलं.

‘‘ठावं हाय मना. त्याचा राग नाय. चूक कोनाची बी होते.’’ त्यांनी पेला बाजूला सरकवला. ‘‘पन तो कागद आलाय घरी. माजा पोरगा वाचून दाकवत होता. निष्कालजी, मी? तीस वर्सं काम केलं, एक बोट गेला नाय माजा. आन खाली तुजी सही. ती का केलीस?’’

मी हातातलं पाणी खाली ठेवलं आणि उठले.

सोमवारी मी दुसरं टिपण लिहिलं. पंच कुणाच्या सांगण्यावरून कडक केला, काकांनी आधी काय बजावलं होतं, चष्म्यांची अवस्था काय होती, सगळं. साहेबांना एक प्रत दिली, एक कारखाने तपासणाऱ्या सरकारी कचेरीत स्वतः नेऊन दिली. दोन दिवसांनी साहेब म्हणाले, ‘‘तुम्ही स्वतःलाच खड्ड्यात घातलंत.’’ तपासनीस आले, जबाब झाले. अहवालातून निष्काळजीपणाचा शब्द निघाला. मला प्रयोगशाळेतून उचलून सहा महिने स्टोअरच्या नोंदींवर बसवलं.

काका परत आले. मग डाय उतरवली, जागा वाढवली, पंच थोडा मऊ ठेवला आणि त्याचं तोंड तिरकं घासलं, म्हणजे पत्रा एकदम न तुटता कडेकडेने तुटावा. घासायचं काम दुसऱ्याने केलं. काका शेजारी उभे राहून सांगत होते. चिरा थांबल्या. त्या ब्रॅकेटची तक्रार पुढे कधीच आली नाही.

माझ्याशी ते कामापुरतं बोलत. मॅडम म्हणून. चार वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली, तोवर आमच्यात रागाचा एक शब्द झाला नाही आणि आपुलकीचाही. त्यांच्या शेवटच्या दिवशी मी हार आणला होता. त्यांनी तो गळ्यात घालून घेतला, मला हात जोडले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळले.