संशयराव आणि बारा ठोकळे

कुणी एकच आकडा ठामपणे सांगितला की संशयरावांच्या कपाळावर आठी पडायची. शिंप्याला ते छातीचं माप तीनदा घ्यायला लावत, आणि तिन्ही वेळा नेमकं तेच निघालं तर शिंपी बदलत. "माणूस श्वास घेतो ना? मग माप थोडं हलणारच. यानं दुसऱ्यांदा टेप बघितलीच नाही." त्यांचं खरं नाव फायलींवर होतं, सांगलीच्या कचेरीत आम्ही पाठीमागे त्यांना संशयरावच म्हणायचो. सत्तरच्या दशकातली ती वर्षं. ते आमचे डेप्युटी इंजिनिअर आणि मी कुंडलचा, नुकताच नोकरीला लागलेला ओव्हरसिअर.

पुस्तकात काँक्रीटच्या ताकदीचा एक आकडा दिलेला असे. साहेब म्हणत, "तो आकडा पुस्तकात राहतो, साइटवर येत नाही. वाळू रोज वेगळी, पाणी वेगळं, मिस्त्रीची कंबर दुखत असली की काँक्रीटही वेगळं." म्हणून प्रत्येक कामावर नमुन्याचे ठोकळे भरायचे, ते प्रयोगशाळेत दाबून फोडायचे आणि प्रत्येकाची ताकद आलेखाच्या कागदावर टिंबानं मांडायची. टिंबांचा ढीग पडायला हवा, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता. त्या उतारावरनं ते बांधकाम किती भरवशाचं, ते ठरवायचे.

आटपाडीकडच्या एका गावात सहा खांबांवरची पाण्याची टाकी चालली होती. प्रत्येक खांबाच्या काँक्रीटमधून दोन, असे बारा ठोकळे मला भरायचे होते. पण घरी बहिणीचं लग्न निघालं. मी डेपोतून जास्तीचे साचे मागवले आणि बाराही ठोकळे एकाच दिवशी, पहिल्याच खांबाच्या मालातून भरले. खिळ्यानं वरती वेगवेगळ्या तारखा कोरल्या. बाबालाल मिस्त्री बघत होते. ते एवढंच म्हणाले, "सायब, हे बरं न्हाई. ज्या त्या खांबाच्या मालातनं काढाया पायजे." मी हसण्यावारी नेलं आणि कुंडलची एसटी पकडली.

माझ्या मागे खांब झाले, पुढच्या काही महिन्यांत वर टाकीही झाली. ठोकळ्यांचे निकाल आले ते उत्तम. मी खुशीत होतो. साहेबांनी आत बोलावून आलेखाचा कागद पुढं सरकवला. बाराही टिंबं एकावर एक, काठीसारखी उभी होती.

"याला ढीग म्हणायचं का?"

"साहेब, सगळे पास आहेत."

"तीच तर भीती आहे. सहा वेगवेगळ्या दिवशी ओतलेलं काँक्रीट इतकं एकमेकांसारखं कधीच नसतं. कुणी केलंय हे?"

मी कंत्राटदाराचं नाव घेणार होतो. जिभेवर आलंही होतं. पण ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, त्यात मी आधीच पकडलो गेलो होतो. सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "म्हणजे त्या सहा खांबांबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. चला."

जीप काढून आम्ही थेट आटपाडीकडे निघालो. साइटवर त्यांनी स्वतः हातोडी घेतली आणि एकेक खांब वरपासून खालपर्यंत ठोकत गेले. चौथ्या खांबाच्या पायाशी आवाज बद्द आला. मिस्त्रींनी वरचा गिलावा फोडला, तर आत खडी सुटी आणि मधे पोकळी.

तेवढ्यात सरपंच आले. "आवं सायब, टाकी हुबी हाय, हिरीला पाणी हाय, मग आता कशाची वाट बगताय? आमच्या बाया दोन मैलांवनं पाणी आणत्यात."

साहेब त्यांना टाळू शकले असते. पण गुडघ्यावर कागद ठेवून तिथंच हिशोब करत बसले. टाकी काठोकाठ भरलेली, वादळी वारं सुटलेलं आणि भार नेमका याच खांबावर. हे सगळं एकाच वेळी जुळून येण्याची शक्यता किती? भरलेल्या टाकीचा धोका त्यांना मान्य नव्हता, अर्ध्या टाकीचा होता. "उद्यापासून अर्धी भरा," ते सरपंचांना म्हणाले. "पुरी भरलेली दिसली, तर मी स्वतः कुलूप घालीन."

"अर्दी तर अर्दी. लय झालं," सरपंच म्हणाले.

वरिष्ठांचं मत होतं, सहाही खांब जाड करून टाका. साहेब अडून बसले. "सगळीकडे सारखं सिमेंट ओतणं म्हणजे कुठं दुखतंय ते न बघता सगळ्या अंगाला लेप लावणं." पुन्हा ठोकून, पुन्हा आकडेमोड करून त्यांनी चौथा खांब आणि त्याच्या शेजारचे दोन, एवढेच जाड करायला लावले. दोन महिन्यांनी टाकी पूर्ण भरली. ती आजही उभी आहे.

माझ्यावरचा अहवाल मात्र त्यांनी जसाच्या तसा वर पाठवला. खरं बोललो, हेही त्यात लिहिलं होतं आणि खोट्या तारखा कोरल्या, हेही. माझ्यावर ठपका आला. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागलो. पुढं त्यांची साताऱ्याला बदली झाली, तेव्हा निरोपाच्या चहाला मी मुद्दाम गेलो नाही.

वर्षभरानं मलाही साताऱ्याला बदलीचा हुकूम आला. वाईजवळ पूल बांधायचा होता आणि संशयरावांनी मला नाव घेऊन मागितलं होतं. माझा विश्वास बसेना. कचेरीतल्या हेडक्लार्कनं त्यांचं पत्र दाखवलं. वरिष्ठांनी विचारलं होतं, ठपका असलेलाच माणूस कशाला? खाली साहेबांच्या बारीक अक्षरात उत्तर होतं, "याची चूक मला माहीत आहे. इतरांच्या अजून माहीत नाहीत."