दोन वाट्यांची मोड

पुण्यात पूर्वी सोनं मोडायला जाणारा माणूस चेहरा पाडून जायचा. आता दुकानात एसी आहे, सोफा आहे, बसल्या बसल्या कॉफी विचारतात. मोड घेऊन आलेल्याला इतक्या मायेने वागवतात, की आपण घरातलं काही घालवायला आलोय याचा त्याला विसरच पडावा. माझा धाकटा भाऊ अशा दुकानांत फार खुलतो. हिंजवडीला नोकरी लागल्यापासून त्याचं एक पालुपद आहे: "घरात नुसतं पडून काय उपयोग?" या पालुपदावर आईचा पाटा-वरवंटा गेला, वडिलांची सायकल गेली, आणि वडील जाऊन वर्ष व्हायच्या आत गाडी आईच्या दागिन्यांवर आली. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला हार करायचा होता.

आई नाही म्हणाली नाही. तिने झिजलेल्या पाटल्या दिल्या, जोडीतली एकटीच उरलेली कुडी दिली, आणि शेवटी डबीतून मंगळसूत्राच्या दोन वाट्या काढल्या.

"या दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या," ती म्हणाली. "कुठली किती कसाची, ते मला सांगायचं. मग खुशाल मोडा."

भाऊ मोबाइलवर काही वाचत होता. "हो गं," म्हणाला.

मंगळसूत्रातली एक वाटी माहेरची आणि एक सासरची, ही आमच्याकडची रीत. आईची माहेरची वाटी तिच्या वडिलांनी केलेली. माझे हे आजोबा मार्केट यार्डात तोलणार होते. गुळाच्या ढेपा आणि धान्याची पोती काट्यावर चढवायची आणि वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. व्यापारी आणि शेतकरी दोघांनीही मान्य करावं असं वजन पुकारणारा माणूस, म्हणून यार्डात त्यांना मान होता. आमच्या घरात मात्र नव्हता. मी लहान असताना मंगळसूत्र गाठवून घ्यायला म्हणून वडिलांची आई ते सोनाराकडे घेऊन गेली आणि परत येऊन ओसरीवरूनच म्हणाली, "एक वाटी हिणकस आहे म्हणे. आता आमची कशी असेल? काट्यावरचा माणूस, हात मारल्याशिवाय राहतोय होय!" माझी आत्या खो खो हसली. पुढे एका दिवाळीत हेच वाक्य आजोबांच्या तोंडावर बोललं गेलं.  त्यानंतर ते कधी आमच्या घरात बसले नाहीत. गुळाची, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दारातूनच द्यायचे. "घाईत आहे," म्हणायचे आणि वळायचे. त्यांना कसलीही घाई नसायची, मी खिडकीतून बघायचे ना. कोपऱ्यावर जाऊन ते बराच वेळ नुसते उभे राहायचे. ते गेले तेही असेच, लेकीच्या हातचा चहा न घेता.

मोठी झाल्यावर मी आईला विचारलं होतं, तू स्वतः का नाही तपासून घेतलीस? तुझ्या वाटीच्या काठावर तर खूण आहे, बारीक ठिपका. ती म्हणाली, नवरा जिवंत असताना गळ्यातलं काढून दुसऱ्या सोनारापुढे ठेवायचं? आणि वडिलांचं उत्तर ठरलेलं असायचं, "विषय वाढवू नकोस." थोडक्यात, स्वतःच्या बापाची वाटी खरी की खोटी हे कळायला बाईने आधी विधवा व्हायला हवं. छान आहे रीत.

तर त्या दुकानात आईचे गुडघे दुखतात म्हणून मी तिला घेऊन सोफ्यावर बसले आणि भाऊ काउंटरवर गेला. गळ्यात कंपनीचं कार्ड, कानात वायर, ऑफिसची मीटिंग चालू. वाट्यांच्या आत लाख भरलेली असते, त्यामुळे वितळवल्याशिवाय खरं कळत नाही, एवढं मला काउंटरवरचं बोलणं ऐकू आलं. मग सेल्समनने काहीतरी विचारलं. भावाने कानातली वायर न काढता हाताने गोल केला. सगळं एकत्र.

मी उठून पोहोचेपर्यंत मूस भट्टीत गेली होती.

"अरे, वाट्या वेगळ्या सांगितल्या होत्या ना?"

"एक मिनिट," तो मला म्हणाला, आणि मीटिंगला म्हणाला, "सॉरी, गो अहेड."

बाहेर आली ती एक पिवळी गोळी. मशीनने कस दाखवला, अपेक्षेपेक्षा बराच कमी. आई तोवर काठी टेकत आली होती. तिने विचारलं, "कुठली कमी निघाली?"

"काकू, आता एकच आहे," सेल्समन सौजन्याने म्हणाला. "जुन्या दागिन्यांत सांध्याला थोडा डाग असतोच."

मला त्या क्षणी भावाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आजही वाटते. त्याला मात्र आपण काय वितळवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीत तो म्हणाला, "रेट चांगला मिळाला." आई खिडकीबाहेर बघत होती.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. तिला सगळ्या बातम्या लागतातच. ती मोठ्याने बोलते, त्यामुळे शेजारी बसून मला सगळं ऐकू येत होतं.

"काय वहिनी, मोड घातली म्हणे?"

"हो वन्सं," आई म्हणाली. आवाज अगदी सरळ. "वाट्या वेगवेगळ्या तपासून घेतल्या. तुमच्याकडची हिणकस निघाली."

मी तिच्याकडे बघतच राहिले. आईला मी जन्मात कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. आता आत्या उसळणार, भांडणार, याची मी वाट बघत होते. 

"जाऊ द्या ना आता," आत्या म्हणाली. "लग्नात ओढाताण होती हो. आईनेच सोनाराला आमच्या वाटीत तांब्याची भर घालायला सांगितलं होतं. मग खरं कोण बोलणार होतं?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"घरात सगळ्यांनाच होतं. दादालाही होतं की."

दादा म्हणजे माझे वडील. आईने फोन ठेवला. वर भिंतीवर त्यांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. तिने तिकडे पाहिलं नाही. "माझे वडील दारात उभे राहायचे," एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपुडी आली. तिने देवांना फुलं वाहिली. मग फोटोसमोरचं आदल्या दिवशीचं फूल उचललं आणि निर्माल्यात टाकलं. त्या जागी दुसरं ठेवलं नाही. अजूनही ठेवत नाही.